आभार मानणं जड गेलं तेव्हा तुम्ही काय केलंत?

सावंतवाडी (धागा सुरू करणारी):
जय ख्रिस्त! नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) पुरी झाली, नोकरी लागली, आजार बरा झाला की आपण चर्चमध्ये आभाराची मिस्सा, म्हणजे उपासना, ठेवतो. मला त्यापलीकडचं ऐकायचंय. 'देवा, तुझे आभार' हे शब्द ओठांवर येत नव्हते, तेव्हाचं सांगा. कॅथलिक असा की प्रॉटेस्टंट, मोकळेपणाने लिहा.

उत्तन:
11 नोव्हेंबर 2009, फयान वादळ. पप्पांची बोट दर्यात होती आणि वायरलेसवर कुणी उत्तर देत नव्हतं. आई आणि शेजारच्या मावशी क्रुसापाशी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणत होत्या. मावशींचा भाचा रत्नागिरीकडच्या एका बोटीवर खलाशी होता. पप्पा परतले. तो आला नाही.

आईने मनात आभाराची मिस्सा बोलली होती. ती तिने मागे ठेवली आणि आधी त्या मुलाच्या नावाने मिस्सा दिली. मी तेव्हा शाळेत होते. विचारलं, देवाने आपलं ऐकलं आणि मावशींचं का नाही? ती म्हणाली, "याचं उत्तर माझ्याकडे नाही. तू आधी मावशींकडे पाण्याची कळशी नेऊन ठेव." आजही आमची बोट सुखरूप लागली की घरातली प्रार्थना हळू आवाजात होते, कारण गल्लीतल्या कुणाची तरी बोट अजून यायची असते.

वेंगुर्ले:
उत्तनच्या ताई, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. मी नर्स होते, आता निवृत्त आहे. बायबलमध्ये लूकच्या 17व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि आभार मानायला एकच परत येतो, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. प्रवचनात नेहमी त्या एकाचं कौतुक होतं. मला रात्रपाळीत आधार मिळाला तो उरलेल्या नऊ जणांचा. ते फिरकले नाहीत म्हणून येशूने त्यांचं बरेपण काढून घेतलं नाही.

कोर्लई:
3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळाने आमची नारळी-पोफळीची वाडी आडवी केली. लॉकडाऊनमुळे माउंट कार्मेलच्या चर्चमध्येही जाता येत नव्हतं. नारळ लावला की फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. बाबांच्या वयाला हा हिशेब फार क्रूर होता.

पोर्तुगीज 1740 मध्ये इथून गेले, पण त्यांच्या भाषेतून घडलेली बोली आमच्या घरात राहिली. आजी त्याच बोलीत प्रार्थना करायची. त्या रात्री मात्र बाबांनी मराठी बायबल उघडलं आणि हबक्कूकचा तिसरा अध्याय वाचला. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. आम्ही सगळे रडलो. त्या रडण्यात रागही होता, आणि देवाला तो चालतो असं मी मनापासून मानतो.

सकाळी रेवदंड्याहून ओळखीची माणसं कोयते, करवती घेऊन आली. बाबा रोजच्या प्रार्थनेत त्यांची नावं घेतात. त्यातले बहुतेक ख्रिस्ती नाहीत.

वसई:
5 फेब्रुवारीला आम्ही संत गोन्सालो गार्सियाचा सण करतो. आमच्या वसईचा मुलगा, 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला. त्याच्या आईने त्या दिवसाबद्दल आभार मानले असते का, हा विचार मला दर सणाला येतो.

रत्नागिरी:
वसईच्या दादांनी आईचा विषय काढला म्हणून लिहितोय. आमची मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, लहान आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक आपल्याच जिल्ह्यातल्या करजगावचे, त्यांची पदं आम्ही पेटी-तबल्यावर म्हणतो. थोरला मुलगा गेला त्यानंतर बराच काळ मी उपासनेत नुसता बसायचो.

उपकारस्तुतीच्या, म्हणजे आभार मानण्याच्या, रविवारी बायबलमधलं 136वं स्तोत्र वाचतात. वचनं 26. अर्धं वचन पाळक वाचतात आणि मंडळी म्हणते, "त्याची दया सनातन आहे." त्या वर्षी माझ्या तोंडून एकदाही ते निघालं नाही. बाकावर शेजारी बसलेल्या काकू माझ्याकडे न बघता प्रत्येक वेळी दोनदा म्हणत होत्या, एकदा त्यांचं, एकदा माझं. नंतर कधीही त्यांनी तो विषय काढला नाही.

आता मी म्हणतो. दहावं वचन मिसर देशातल्या प्रथमजन्मलेल्यांच्या मृत्यूचं आहे. तिथे मी अजून गप्प राहतो, बाकीची पंचवीस म्हणतो.