आजोबांच्या गालावरचे देवीचे वण पुसायला सांगितलं कुणी?

महालकर :
आजोबांचा एकच मोठा फोटो आमच्याकडे आहे, १९५८ चा. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात तो कूलरजवळच्या भिंतीवर होता. आपल्याकडे पारा ४५ च्या वर गेला की कूलर रात्रंदिवस चालतो, त्याची ओल त्या फोटोनं वर्षानुवर्षं खाल्ली. शेवटी काचेला चिकटला, डावीकडे बुरशी धरली, टोपीपासून कानापर्यंत भेग गेली. मागच्या महिन्यात एका स्टुडिओत दिला. दोन दिवसांत कोरा करकरीत फोटो हातात. घरातले सगळे खूश, मीसुद्धा.

मग सक्करदऱ्याहून आत्या आली. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली आणि फोटोतल्या गालावर बोट ठेवून म्हणाली, "बाबाचे वण कुठे गेले रे?"

आजोबांना लहानपणी देवी आल्या होत्या. दोन्ही गालांवर खड्डे होते. आत्या लहान असताना मांडीवर बसून त्या खड्ड्यांवरून बोट फिरवायची. जुन्या फोटोत ते स्पष्ट दिसतात. स्टुडिओवाल्यानं फोटो एआयमध्ये टाकला, आणि त्याच्या लेखी बुरशीचा डाग काय नि देवीचा वण काय, दोन्ही खराबीच. गाल गुळगुळीत झाले, डोळ्यांत चमक आली, आणि माणूस बदलला.

माझं म्हणणं एवढंच, की कागद दुरुस्त करा, माणूस नको. यंत्रानं अंदाजानं बनवलेला चेहरा आजोबांचा म्हणून भिंतीवर लावणं मला चूक वाटतं.

बर्डीवरचा रिटचर :
राग समजतो, पण हे आजचं नाही. आमचे वडील निगेटिव्ह उतरत्या डेस्कवर ठेवत, खालून उजेड घेत आणि टोकदार पेन्सिलीनं सुरकुत्या भरत. मुलीच्या स्थळासाठीच्या फोटोत तर हमखास. काळ्यापांढऱ्या फोटोवर हातानं ओठ रंगवायचे, लुगड्याचे काठ रंगवायचे. लोक हौसेनं पैसे देत. मग 'खरा' फोटो कोणता? भिंतीवरच्या किती आज्या गोऱ्या दिसतात ते पाहा.

महालकर :
दादा, तुमच्या वडिलांसमोर माणूस बसलेला होता. वण काढा म्हणणारा गिऱ्हाईकही तोच. आमच्या आजोबांनी तसं सांगितलं नाही. वणांसकट फोटो घेतला आणि वणांसकट तो बैठकीत लावला. तो त्यांचा निर्णय होता.

गोंदियाची लेक :
दोघंही सुखी आहात. माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. तिचा वेगळा असा फोटोच नाही. मामाच्या लग्नातल्या घोळक्यात मागच्या रांगेत ती आहे, चेहरा हरभऱ्याएवढा, तोही पुसट. मागच्या वर्षी भाच्यानं तो एआयनं मोठा करून दिला. नाक तिचंच आहे का, मला सांगता येणार नाही. पण बाबांच्या तेरवीला त्यांच्या शेजारी आईचा फोटो ठेवता आला, पहिल्यांदा. खोटा म्हणून तो उतरवायचा का मी? ज्यांच्या घरात धड फोटो आहेत त्यांना असे नियम परवडतात.

इंदोऱ्याचा :
ताई, तुमचा फोटो तुमच्या घरात आहे, त्यावर कुणीच बोलू नये. पण हीच चित्रं घराबाहेर जातात तेव्हा काय होतं ते सांगतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर आमची आजी होती. लोक पांढऱ्या कपड्यांत आले होते, हे आमच्याकडे घराघरांत सांगतात. मध्यंतरी त्या गर्दीचा एक 'रंगीत, स्पष्ट' केलेला फोटो मोबाईलवर फिरत आला. सावलीत राखाडी दिसणाऱ्या लुगड्यांना यंत्रानं गुलाबी आणि निळा रंग दिला होता. मागच्या रांगांतले चेहरे एकाच साच्यातले. माझी पोरगी त्यात पणजी शोधत बसली. जी माणसं पहिल्यांदा ताठ मानेनं उभी राहिली, त्यांचे चेहरे मोघम करून टाकले. यात पुरावा जातो हो.

बर्डीवरचा रिटचर :
हे पटलं. गर्दीचं काम मीही यंत्रावर सोडणार नाही.

कागद सांभाळणारी :
महालकर, मूळ फोटो परत घेतलात ना? काचेवरून ओढून काढू नका. फोटोच्या वरच्या थरात जिलेटिन असतं. ओलीनं ते फुगतं, मऊ होतं आणि काचेला धरतं. ओढलं की चेहरा काचेवर आणि कागद हातात. काचेसकट ठेवा. दोन्ही बाजूंनी तिरपा उजेड टाकून काचेवरूनच कॅमेऱ्यानं फोटो घ्या. सुटे फोटो असतील तर ६०० डीपीआयवर स्कॅन करून टिफ फाईलमध्ये ठेवा, आणि मागची बाजूही स्कॅन करा, कारण स्टुडिओचा शिक्का आणि तारीख बहुधा तिथेच सापडते. चिकट पानांचे अल्बम असतील तर त्यातले फोटो आधी वाचवा, तो गोंद फोटो खातो. आणि कूलरच्या भिंतीवर पुन्हा नाही.

दुरुस्ती करायचीच असेल तर त्याच वयाचा दुसरा फोटो शोधा. गेलेला भाग त्यावरून भरता येतो, अंदाजानं नाही.

महालकर :
गोंदियाच्या ताई, तुमचं वाचून दोन दिवस गप्प होतो. माझा नियम तुमच्या घरात लागू होत नाही, हे मान्य. तुमच्याकडे पुसण्यासारखं काही नव्हतंच. आमच्याकडे होतं आणि ते पुसलं गेलं. फरक मला तेवढाच दिसतो.

आत्याच्या पेटीत एम्प्रेस मिलमधला आजोबांचा एक छोटा फोटो निघाला. पासपोर्टपेक्षा जरा मोठा. वण आहेत.

बर्डीवरचा रिटचर :
आणा. हातानं करून देतो, यंत्र नाही. पण आधीच सांगतो, छोट्या फोटोत सगळे वण दिसणार नाहीत. उरलेले मी बसवले तर तेही मी काढलेलेच होतील. तेव्हा पुन्हा हाच धागा काढाल.

महालकर :
रविवारी आत्याला घेऊन येतो. तुमच्या शेजारी खुर्ची टाका तिच्यासाठी. जिथे तिला आठवत नाही, तिथे हात लावू नका.