शरदातील कापणीचा सण : वेदीसमोर काय ठेवले आणि ते पुढे कोठे गेले?

पाऊस ओसरतो, भाताच्या लोंब्या वाकू लागतात आणि मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये कापणीच्या सणाची बोलणी सुरू होतात. कॅथलिक गावांत हा सण एका तऱ्हेने होतो, प्रॉटेस्टंट मंडळ्यांत दुसऱ्या तऱ्हेने, आणि शहरांत कधीकधी बाजारातून आणलेल्या फळांच्या टोपल्यांवरच भागवले जाते. बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात कापणीची पहिली पेंढी याजकाकडे आणण्याची आज्ञा आहे, आणि त्याच अध्यायात शेताचे कोपरे कापून घेऊ नयेत, मागे पडलेला सरवा वेचू नये, तो गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावा, असेही सांगितले आहे. पहिली आज्ञा आपण उत्साहाने पाळतो. दुसरीचे आपापल्या मंडळीत काय होते, हे जाणून घेण्याची मला मनापासून इच्छा आहे. तेव्हा वेदीसमोर काय ठेवले गेले आणि उपासना संपल्यावर ते कोणाच्या घरी पोचले, या दोन्ही गोष्टी वाचकांनी कृपया लिहाव्यात, अशी विनंती केली होती. आलेली उत्तरे पुढे आहेत.

गोराई, मुंबई

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातले मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक. आमचा आगेरा, म्हणजे कापणीचा सण, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी असतो आणि त्या दिवसामागे शेतीचा हिशेब आहे. तोवर हळवे (लवकर पिकणारे) भात कापणीला आलेले असते, गरव्याचा दाणा मात्र अजून भरत असतो. म्हणजे हा सण कापणी संपल्याचा नसून ती सुरू करण्याचा आहे. आगेरा झाल्याशिवाय माझी आजी शेताला विळा लावू देत नसे. सकाळी फादर शेतावर येतात, प्रार्थना करून उभ्या पिकावर पवित्र पाणी शिंपडतात, पहिल्या लोंब्या कापल्या जातात आणि बँडच्या साथीने मिरवणूक चर्चकडे निघते. लुगडे नेसलेल्या बायका त्या दिवशी जितक्या दिसतात तितक्या एरवी फक्त लग्नात दिसतात.

मिस्सा झाल्यावर प्रत्येक घराला आशीर्वादित लोंब्या मिळतात. आमच्याकडे त्यांतली एक क्रूसाजवळ खोचतात आणि बाकीच्यांचे दाणे तळहातावर चोळून, साल नखाने काढून, दुपारच्या खिरीत घालतात. दाणे मूठभरही नसतात, पण ते सोलण्याचा मान घरातल्या सर्वांत लहान मुलाचा असतो. कोवळ्या दाण्यातून दुधासारखा चीक निघतो आणि मूल बोटे चाटत बसते.

आता भात लावणारी घरे फार थोडी उरली आहेत. शेजारचे एक कुटुंब मुख्यतः या सणासाठीच थोडी लावणी करते. काहींना हा देखावा वाटतो. मला वाटत नाही, कारण चिखलणीपासून लोंबीपर्यंत सारे पाहिलेली गावातली शेवटची मुले त्याच बांधावर उभी असतात.

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्हा

नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले आणि आमचे घराणे त्याच मंडळ्यांपैकी एकीतले. आमच्या कापणीच्या सणाला वेदीसमोर बाजरीची कणसे, मूग, मटकी, भुईमुगाच्या शेंगा, डांगर, ऊस, अंडी आणि पाय बांधलेल्या एकदोन कोंबड्या असतात. उपासनेनंतर चर्चच्या आवारात लिलाव होतो. एखादे डांगर कोणीतरी घेतो, लगेच पुन्हा मंडळीला देतो, त्याची पुन्हा बोली लागते आणि असे करता करता बाजारभावाच्या कितीतरी पट पैसे मंडळीच्या पेटीत जमा होतात.

माझ्या आईला जमीन नव्हती. ती इतरांच्या शेतात मजुरीला जाई आणि कापणीनंतर मालकाला विचारून सरवा वेची. त्या सरव्यातली सर्वांत भरदार कणसे ती बाजूला काढून ठेवी, केळीच्या सोपटाने त्यांची जुडी बांधी आणि सणाला नेई. लिलावात त्या जुडीला फार बोली लागत नसे. मंडळीचा तिच्याबद्दल दुजाभाव नव्हता. पण लिलावात ज्याच्या खिशात पैसा त्याचाच आवाज मोठा निघतो आणि ज्यांच्याकडे तो नाही ते मागच्या भिंतीला टेकून उभे राहतात, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. अलीकडे आमच्या पंचांनी ठरवले की बोली फक्त फळे, भाज्या आणि कोंबड्यांवर लावायची. धान्याचा लिलाव करायचा नाही, ते मोजून मुलींच्या वसतिगृहाला द्यायचे. उत्पन्न कमी झाले म्हणून काहींनी कुरकुर केली. मला हा निर्णय सर्वस्वी योग्य वाटतो.

सोलापूरकडील एक वाचक

आमचा भाग रब्बीचा आहे. शरदात आमच्याकडे कापायला फारसे काही नसते, शाळू (रब्बी ज्वारी) नुकताच पेरलेला असतो. त्यामुळे आमचा सण फेब्रुवारी-मार्चमध्ये होतो आणि ऑक्टोबरात पाळक पेरलेल्या रानासाठी प्रार्थना करतात. शहरातले नातेवाईक विचारतात की सगळ्यांबरोबर का करत नाही. ज्या दिवशी रानात पीक नाही त्या दिवशी कापणीचे गीत कसे गावे?

जालना जिल्हा

२०१९ साली ऑक्टोबरच्या अखेरीस परतीचा पाऊस हटेना. कापून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंजी भिजल्या, शेंगांतच कोंब फुटले. सण रद्द करावा असे अनेकांचे म्हणणे होते. आमच्या पास्तरांनी तो ठेवला आणि निरोप दिला की जे आहे तेच आणा. लोकांनी काळ्या पडलेल्या शेंगा आणल्या. वेदीजवळ कुबट वास येत होता. त्या दिवशी उपकारस्तुतीची गीते न गाता स्तोत्रसंहितेतील विलापाची स्तोत्रे वाचली गेली, आणि एका शेतकऱ्याने उभे राहून आपल्यावर किती कर्ज आहे हे सर्वांसमोर सांगितले. त्याच्यानंतर आणखी काही जण बोलले. पुढच्या पेरणीसाठी मंडळीने बियाण्याचा सामाईक निधी उभारला, तो त्या बोलण्यातून. माझ्या आठवणीतला सर्वांत खरा सण तोच.

गोवा (लग्नानंतर आलेली)

येथे शरदाची वाट पाहत नाहीत. राय गावचे कणसाचे फेस्त (नव्या लोंब्यांचा सण) ५ ऑगस्टला असते, ताळगावचे २१ ऑगस्टला. भर पावसात छत्र्या धरून कणसे कापायला जातात. बाकी भाव तोच.

लेस्टर, इंग्लंड

येथील चर्चमधला हार्वेस्ट फेस्टिव्हल आज ज्या रूपात दिसतो, त्याची सुरुवात १८४३ साली कॉर्नवॉलमधील मॉर्वेनस्टो गावी रॉबर्ट स्टीफन हॉकर या धर्मगुरूंनी केली. आता वेदीसमोर गव्हाच्या पेंढीच्या आकाराचा पाव एखादाच असतो. बाकी सगळे डबाबंद कडधान्य, पास्ता, चहा आणि टिकाऊ दूध, जे नंतर फूड बँकेत जाते. भारतातून आल्यावर मला हे डबे रुक्ष वाटले. पण फूड बँकेच्या खोलीत स्वतः काम करू लागल्यावर कळले की ज्या घरात गॅस परवडत नाही त्यांना ताजा भोपळा देऊन उपयोग नसतो. आम्ही भाड्याने घेतलेल्या शेततुकड्यातली मेथी तरीही दरवर्षी नेतो. गुजराती शेजारणी ती आनंदाने घेतात.

वसई

आमच्या गावात पूर्वी भात, पानवेल आणि राजेळी केळी होती. शरदात सुकेळी वाळत घातलेली असत. आता बांधकामे आहेत. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुले जूनमध्ये चर्चच्या मागे टबांत भात लावतात आणि त्याच्याच लोंब्या वेदीवर जातात.

आपण विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी: आम्ही अनेक वर्षे सणाचे धान्य पूर्वेकडच्या एका आदिवासी पाड्यावर पोचवत होतो. एकदा तिथल्या बाईंनी स्पष्ट सांगितले की तांदूळ आमच्याकडेही पिकतो, ऑक्टोबरात तो घरात असतो; अडचण असते ती पावसाळ्याच्या तोंडाला. तेव्हापासून सणाचे अर्पण दोन भागांत जाते: ऑक्टोबरात पाड्यावर आधी विचारून लागेल ती वस्तू, आणि जूनमध्ये राखून ठेवलेले धान्य. या वेळी त्यांनी तेल आणि तूरडाळ सांगितली आहे.