डबल मार्कर १:१८० हाय रिस्क आलाय, एनआयपीटी करू की डायरेक्ट अॅम्निओ?

शेवंती०७:
रिपोर्ट काल संध्याकाळी आला, तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही म्हणून इथे विचारतेय. वय ३१, पहिलंच बाळ. १२ आठवडे ५ दिवसांना एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मोजणारी सोनोग्राफी) झाला, एनटी १.७ एमएम, नाकाचं हाड दिसलंय, डॉक्टर म्हणाल्या सगळं छान आहे. त्याच दिवशी डबल मार्करचं, म्हणजे बाळाला डाउनसारखा दोष असण्याची शक्यता किती ते सांगणाऱ्या टेस्टचं, रक्त दिलं आणि त्यात डाउन सिंड्रोमसाठी १:१८०, पुढे लाल अक्षरात हाय रिस्क. त्यात रक्तातल्या दोन गोष्टी मोजतात, पॅप-ए ०.३८ एमओएम आणि फ्री बीटा एचसीजी १.९. स्कॅन एवढा चांगला असताना रक्तात असं कसं येतं? डॉक्टरांनी एनआयपीटी (माझ्या रक्तातून बाळाचा डीएनए तपासायचा) किंवा अॅम्निओ (पोटातून सुईने बाळाभोवतीचं पाणी काढून तपासायचं) असे दोन पर्याय दिलेत. नवरा म्हणतो डायरेक्ट अॅम्निओच करू, एकदाच काय ते कळू दे, आणि मला त्या सुईच्या नुसत्या विचारानेच पोटात गोळा येतोय. स्कॅनमध्ये बाळाने हात तोंडाशी नेलेला बघितलाय मी, तेच सारखं डोळ्यासमोर येतं. कोणी यातून गेलंय का, प्लीज सांगा.

चिऊचीआई:
अगं आधी तो लाल रंग डोक्यातून काढ. मला १:११० आला होता आणि मी रात्रभर तो आकडा "बाळाला आहे" असाच वाचत होते, कोणी नीट समजावलंच नव्हतं. तुझ्यासारखाच रिपोर्ट असलेल्या १८० जणी एका हॉलमध्ये बसवल्या तर त्यातल्या एकीच्या बाळाला डाउन असेल, बाकी १७९ जणींच्या बाळांना नसेल, एवढाच त्याचा अर्थ. टक्क्यात अर्ध्याच्या जरासं वर. बऱ्याच लॅब १:२५० ला रेघ मारतात, त्याच्या अलीकडे आलं की हाय रिस्क छापून येतं, पण १:२६० वाल्या बाईत आणि तुझ्यात तसा कितीसा फरक आहे सांग. मी एनआयपीटी केली, दंडातून साधं रक्त घेतात तसंच, लो रिस्क आली, लेक आता चार वर्षांची आहे. पण माझं नीट झालं म्हणून तुझंही होईलच असं नाही म्हणणार, तेव्हा असं बोलणाऱ्यांचा मला फार राग यायचा.

सूक्ष्मदर्शी:
ताई, मी जेनेटिक्स लॅबमध्ये काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. एमओएम म्हणजे तेवढेच दिवस भरलेल्या बायकांमधला जो मधला आकडा असतो त्याच्या किती पट, १ म्हणजे मधोमध. डाउनमध्ये साधारण पॅप-ए कमी आणि बीटा एचसीजी जास्त असतं, तुमचं तसंच पडलंय म्हणून एनटी चांगला असूनही सॉफ्टवेअरने रिस्क वाढवून दाखवली. पण ही दोन्ही वारेतून रक्तात येतात, ती कमीजास्त व्हायला इतरही कारणं असतात. आधी एक करा, रिपोर्टवर तुमची जन्मतारीख, वजन, बाळाची लांबी म्हणजे सीआरएल, आयव्हीएफ आहे की नाही, हे सगळं बरोबर लिहिलंय का बघा. वजन चुकलं की एमओएम चुकतं, आणि हे आमच्याकडे आम्ही स्वतः पकडलेलं आहे.

आता एनआयपीटी. आईच्या रक्तात बाळाच्या बाजूच्या डीएनएचे तुकडे फिरतात हे १९९७ साली डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, त्यावर ही टेस्ट उभी आहे. १० आठवड्यांनंतर करता येते आणि डाउन असलेल्या १०० पैकी साधारण ९९ बाळं त्यात पकडली जातात. तरी ती स्क्रीनिंगच आहे, म्हणजे शक्यता सांगते, पक्कं निदान नाही, कारण तो डीएनए मुख्यतः वारेचा असतो आणि कधीतरी वारेत एक आणि बाळात वेगळं असं निघतं, त्यामुळे पॉझिटिव्ह आली तर अॅम्निओ केल्याशिवाय कसलाच निर्णय घ्यायचा नाही. एनटी ३.५ किंवा जास्त असता तर मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूने बोललो असतो, तेव्हा एनआयपीटीत न दिसणारे बारीक दोषही शोधावे लागतात. तुमचं तसं नाही. शिवाय अॅम्निओ १५ आठवडे पूर्ण झाल्यावरच करतात, म्हणजे आज ठरवलंत तरी थांबायचंच आहे, त्या मधल्या दिवसांत एनआयपीटीचा रिझल्ट येऊन जातो.

अजून एक, पॅप-ए इतकं कमी असलं की पुढे बाळाची वाढ आणि तुमचं बीपी यावर जास्त लक्ष ठेवतात. काहींना १६ आठवड्यांच्या आत कमी डोसची अॅस्पिरिन सुरू करतात, मनाने घेऊ नका पण डॉक्टरांना नक्की विचारा.

निळीछत्री:
सुईबद्दल मी सांगते. आमची एनआयपीटी पॉझिटिव्ह आली होती म्हणून १६व्या आठवड्यात अॅम्निओ केली. पूर्ण वेळ सोनोग्राफीत बघत बघत सुई बाळापासून लांब ठेवतात, पाणी काढलं ते चार चमचेसुद्धा नसेल, फिकट पिवळं. टोचलं तेव्हा इंजेक्शनइतकंच दुखलं, नंतर दिवसभर पाळीसारखा ओढा होता. गर्भपाताची शक्यता असते पण अनुभवी हातात एक टक्क्याच्या बरीच खाली. तुझा ब्लडग्रुप निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन लागेल का ते आधीच विचारून ठेव. सगळ्यात अवघड ती वाट बघणं, पहिला रिझल्ट तीन दिवसांत, सगळ्या गुणसूत्रांचा दोन आठवड्यांनी.

आमचा रिझल्ट डाउनचाच आला. आम्ही ठेवायचं ठरवलं, दुसऱ्या कोणी वेगळं ठरवलं तर मी एक शब्द बोलणार नाही. आधी कळल्यामुळे फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी केली, हृदयात छिद्र निघालं, म्हणून जिथे लहान मुलांचे हार्ट सर्जन आहेत तिथेच डिलिव्हरी ठरवली. मुलगा सहा वर्षांचा आहे. परवा त्याने शर्टाची सगळी बटणं स्वतः लावली, अर्धा तास लागला, मी शेजारी बसून हात मागे बांधून ठेवले होते. तुम्ही दोघं एवढं मात्र टेस्टच्या आधी बोलून घ्या की उत्तर कळल्यावर आपण काय करणार, आम्ही ते रिझल्ट हातात असताना बोलायला बसलो आणि दोघांनाही शब्द सुचेनात.

शेवंती०७:
सगळ्यांचे खूप खूप आभार. सूक्ष्मदर्शी, रिपोर्टवर वजन ५६ लिहिलंय, माझं ६५ आहे, आकडे उलटे पडलेत! लॅबला फोन केला, नव्याने हिशोब करून देतो म्हणाले. आकडा कमी होईल की वाढेल माहीत नाही, तरी एनआयपीटीचं रक्त सोमवारी देतेच आहे. नवऱ्याला १५ आठवड्यांचं वाचून दाखवलं, तो म्हणाला मग तोवर थांबू. अॅस्पिरिनचं वहीत लिहून घेतलंय. निळीछत्री, तुझं दोघांनी मिळून वाचलं आणि काल रात्री पहिल्यांदाच नीट बोललो, दोन वाजले. रिझल्ट आला की इथेच लिहीन.