मदत हवी आहे: नावातल्या आकड्यावरून फाइली डिलीट करायच्या आहेत, बॅशमध्ये (कमांड लिहून काम करायचा प्रोग्राम)

नमस्कार मंडळी,

बांधकामाच्या टाइमलॅप्सचे फोटो एकाच फोल्डरमध्ये साठलेत. नावं फ्रेम_00001.जेपीजी, फ्रेम_00002.जेपीजी अशी, पाच अंकी. डिस्क भरत आलीय, त्यामुळे दर दहावा फोटो ठेवून बाकीचे उडवायचेत.

फॉर लूपमध्ये एकेक फाइल घेऊन नावातून आकडा वेगळा काढतो, दहाने भागतो, बाकी शून्य नसेल तर आरएम, म्हणजे डिलीटची कमांड. सध्या आरएमच्या जागी नुसतं छापून दाखवणारं एको ठेवलंय, तेव्हा फाइली अजून सहीसलामत आहेत. 00007 पर्यंत सगळं सुरळीत. 00008 आलं की ‘व्हॅल्यू टू ग्रेट फॉर बेस’ म्हणत लूप तिथेच बंद! पुढच्या शून्यांमुळे बॅश तो आकडा अष्टमान पद्धतीचा (फक्त 0 ते 7 अंक) धरतं, एवढं कळलं. खरी भीती पुढे आहे. 00010 वेगळा देऊन पाहिला तर एरर नाहीच, गुपचूप 8 समजतं. म्हणजे ठेवायचा तोच फोटो जाणार आणि 00012 मात्र दहा ठरून वाचणार.

आकड्याआधी 10# लावून दशमान करता येतं, ते चाललं. पण काही फाइली कॉपी होऊन ‘फ्रेम_00120 (1).जेपीजी’ अशा झाल्यात. मधे स्पेस, वर दुसरा आकडा. फक्त पहिला आकडा कसा उचलू? सेड (मजकूर बदलणारी वेगळी कमांड) लागेल की बॅशच्या स्वतःच्या रेजेक्सनेच (मजकुरातला नमुना शोधायची सोय) भागेल?

पायथन सुचवू नका प्लीज, त्या मशीनवर ते नाही आणि टाकूही देत नाहीत.