मूडलवरच्या चर्चेत सगळे एकच उत्तर चिकटवतात, काय बदलावं?

एसवायबीए_अर्थशास्त्र
वर्गात ८० विद्यार्थी, बहुतेक मोबाइलवरून येतात. मूडल या ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीतल्या फोरमवर (चर्चेच्या पानावर) 'कांदा निर्यातबंदीबद्दल तुमचं मत लिहा' असा प्रश्न टाकला. पहिली दोन-तीन उत्तरं बरी, पुढे त्यांचीच नक्कल किंवा नुसतं 'सहमत'. सेटिंग बदलू की प्रश्न?

लॅब_सहायक
सर, आधी सेटिंग. फोरमचा प्रकार 'क्यू अँड ए' निवडा. प्रश्न तुम्ही टाकायचा. विद्यार्थ्याने स्वतःचं उत्तर दिल्याशिवाय त्याला इतरांचं दिसत नाही. दिल्यावरही संपादनाची मुदत संपावी लागते, ती सहसा ३० मिनिटं असते. हे वर्गात आधीच सांगा, नाहीतर 'सर, काहीच दिसत नाही' असे फोन सुरू होतात.

८० जणांची उत्तरं कोणीच वाचत नाही. दहा-दहाचे गट करून 'सेपरेट ग्रुप्स' लावा, म्हणजे प्रत्येकाला फक्त आपल्या गटाची चर्चा दिसते. इथे हमखास घोटाळा होतो: प्रश्न 'ऑल पार्टिसिपंट्स'साठी टाकला तर तो सगळ्यांना दिसतो, पण मुलांना उत्तर देता येत नाही. 'पोस्ट अ कॉपी टु ऑल ग्रुप्स' वर खूण करा.

वाणिज्य_विभाग
खरी अडचण प्रश्नात आहे. 'मत लिहा' म्हटलं की कुठूनही दहा ओळी उतरवता येतात. हिशेब मागा. डिसेंबर २०२३ मधली बंदी मे २०२४ मध्ये उठली, ती टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य (याहून कमी भावात निर्यात नाही) आणि ४० टक्के शुल्क ठेवून. म्हणजे शुल्कासह टनाला किमान ७७० डॉलर; तेव्हाच्या साधारण ८३ रुपयांच्या दराने किलोला ६४ रुपये, वाहतूक वेगळी. आता विचारा: या भावात परदेशी गिऱ्हाईक मिळेल का, आणि शेतकऱ्याच्या हाती किती उरेल? प्रत्येकाला वेगळी बाजार समिती आणि वेगळी तारीख द्या. आकडेच निराळे असले की नक्कल उघडी पडते.

एसवायबीए_अर्थशास्त्र
हे पटलं. गुण कसे द्यावेत? रोमन लिपीतली मराठी चालवावी का?

वाणिज्य_विभाग
चालवा, इथे लिपी तपासायची नाही. पाचपैकी दोन गुण हिशेबाला, तीन प्रतिसादांना. स्वतःचं उत्तर बुधवारपर्यंत, दोघांना प्रतिसाद रविवारपर्यंत. एकच मुदत दिली तर सगळे शेवटच्या रात्री लिहितात आणि कोणी कोणाला उत्तर देत नाही. प्रतिसादात समोरच्याचा एखादा आकडा तपासलेला हवा. रविवारपर्यंत तुम्ही निकाल देऊ नका, फार तर 'हमाली धरली का?' एवढं विचारा. सरांचं उत्तर आलं की मुलं लिहिणं थांबवतात.