बेर्गीझेलच्या लढाया नक्की किती? आणि होफर प्रत्येकीत होता का?

डोंगरवाट (प्रश्न)
आल्प्समधल्या टिरोल प्रांताच्या आन्द्रेआस होफरबद्दल (१७६७–१८१०) वाचतोय; बव्हेरिया आणि तिचा मित्र फ्रान्स यांच्याविरुद्धच्या १८०९ च्या उठावाचा तो पुढारी. इन्सब्रुक शहराजवळच्या बेर्गीझेल टेकडीवर कुणी तीन लढाया सांगतं, कुणी चार, कुणी पाच. शिवाय खानावळ चालवणारा, वाइन आणि घोड्यांचा व्यापार करणारा माणूस कवायती फौजेला हटवतो कसा, आणि नोव्हेंबरात सगळं ढासळतं का? जाणकारांनी उलगडावं.

तारीखवार
आधी आकड्यांचा घोळ. सगळं १८०९ मधलं: १२ एप्रिल, २५ मे, २९ मे, १३ ऑगस्ट, १ नोव्हेंबर. मेमधल्या दोन्ही एकच धरल्या की चार होतात. त्यातून शेवटचा पराभव गाळला की तीन.

१२ एप्रिलला होफर तिथे नव्हताच. आदल्या दिवशी तो ब्रेनर खिंडीच्या दक्षिणेला, श्टेर्त्सिंगला बव्हेरियन तुकडीशी भिडला होता. तिथे गवताने भरलेल्या गाड्या पुढे ढकलत, त्यांच्या आडून त्याची माणसं शत्रूच्या जवळ गेली. इन्सब्रुक त्याच्याशिवायच उठावकऱ्यांच्या हाती पडलं.

चकमक
+१. 'कवायती फौजेला हटवलं' हे मात्र जपून घ्या. १३ ऑगस्टला दोन्हीकडे साधारण १५-१५ हजार माणसं होती. उठावाचा दुसरा म्होरक्या श्पेकबाखर उजवीकडे, कापुचिन साधू हास्पिंगर डावीकडे आणि होफर मागे शुप्फन खानावळीत बसून हुकूम देतोय. संध्याकाळपर्यंत निकाल लागला नव्हता. समोरचा फ्रेंच मार्शल लफेव्र एक दिवस थांबून निघून गेला, कारण रसद आटली होती आणि डोंगरवाटा शेतकऱ्यांच्या हातात होत्या. त्याआधी आयझाक नदीच्या अरुंद घळीत फ्रेंचांच्या बाजूच्या सॅक्सन सैनिकांवर वरून दगड आणि ओंडके लोटले होते, ते या लढाईपेक्षा जास्त बोलकं.

आता हत्यारं. बऱ्याच नेमबाजांकडे आटे पाडलेल्या नळीच्या शिकारी बंदुका होत्या. गोळी घट्ट बसवावी लागते, त्यामुळे मिनिटाला जेमतेम एक बार. समोरच्या शिपायाची गुळगुळीत नळी दोन-तीन बार काढते, पण शंभर पावलांपुढे तिचा नेम भरवशाचा नाही. झाडाआडून, उतारावरून पहिलीचा फायदा. सपाटीवर संगिनीचा हल्ला आला की तीच बंदूक निरुपयोगी, कारण पुन्हा भरायला वेळच मिळत नाही.

खोरेकर
मुळात ही फौज कशी उभी राहायची ते बघा. सम्राट मॅक्सिमिलियनच्या १५११ च्या सनदेनुसार टिरोलच्या माणसांनी आपलाच मुलूख राखायचा. सरहद्दीबाहेर जायची सक्ती नाही, धोक्याच्या मानाने १,००० ते २०,००० माणसं उभी करायची. प्रत्येक खोऱ्याची आपली कंपनी; होफर पासायर खोऱ्याचा कप्तान. १८०५ च्या प्रेसबुर्ग तहाने टिरोल ऑस्ट्रियाकडून बव्हेरियाकडे गेला आणि १८०९ च्या मार्चमध्ये सक्तीची लष्करभरती सुरू झाली. थेट सनदेवरच घाव! मध्यरात्रीची नाताळची प्रार्थना बंद करण्यासारख्या धर्मातल्या ढवळाढवळीने लोक आधीच बिथरले होते.

याच रचनेत कच्चा दुवा होता. स्वतःचं खोरं मोकळं झालं की माणसं गवत कापायला, पीक काढायला घरी. महिनोन्‌महिने मोर्चा धरून ठेवणं त्यांच्या करारातच नव्हतं.

डोंगरवाट
म्हणजे नोव्हेंबरात माणसंच उरली नव्हती?

तारीखवार
ते एक कारण. दुसरं, १४ ऑक्टोबरच्या फ्रान्सबरोबरच्या शोनब्रुन तहात ऑस्ट्रियाने टिरोलवर पाणी सोडलं होतं. होफरचा निर्णय रोज बदलत होता. १ नोव्हेंबरला काही तासांत खेळ संपला.

त्याला मृत्युदंड का, याचं उत्तर पुढच्या आठवड्यांत आहे. ८ नोव्हेंबरला त्याने शरणागती मान्य केली. मग आसपासच्या कडव्यांच्या दबावाखाली पुन्हा उठावाची हाक दिली. अभयदान तिथेच संपलं. डोंगरातल्या फांडलर कुरणावरच्या झोपडीत तो लपला. राफल नावाच्या शेजाऱ्याने १,५०० गुल्डनच्या इनामासाठी जागा सांगितली. २८ जानेवारी १८१० ला अटक, २० फेब्रुवारीला इटलीतल्या मांतुआत गोळ्या. अस्थी १८२३ मध्ये इन्सब्रुकच्या होफकिर्शं चर्चमध्ये आणल्या.