आंबोलीमार्गे जा, वाटेत थांबा

बेळगावहून दोन दिवसांत समुद्र बघायचा म्हणून चोर्ला घाटानं थेट गोव्यात उतरायचा बेत बरेच जण आखतात. चोर्ला देखणाच आहे, पण माझं मत आंबोली घाटाला. बेळगावहून शिनोळी, चंदगड फाटा करत गेलात की काजूच्या बागा सुरू होतात आणि आंबोलीत धुकं गाडीच्या काचेला चिकटतं.

तिथं हिरण्यकेशी नदीच्या उगमाला नक्की जा. गुहेतून येणारं पाणी पायाला बर्फासारखं लागतं. समुद्र पश्चिमेला एवढा जवळ असूनही ही नदी पूर्वेला वळते, संकेश्वरावरून आपल्याच बेळगाव जिल्ह्यात येते आणि घटप्रभेला मिळते. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तिथंच कितीतरी वेळ बसून राहिलो.

घाट उतरल्यावर सावंतवाडीत मुक्काम करा. मोती तलावाकाठचा राजवाडा बघा. तिथं गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या धाटणीचे गोल पत्ते, हातानं रंगवताना बघायला मिळतात. चितारआळीत लाकडी फळं घ्या, आंब्याची लाली अगदी खरी वाटते. दुसऱ्या दिवशी वेंगुर्ला. सतराव्या शतकातली डच वखार पडझडीला आलीय, बघून जीव हळहळतो, तरी बघाच.

परतीला चोर्ला घ्या, म्हणजे कणकुंबीला मलप्रभेचा उगमही होईल. पावसाळ्यात मात्र अंधार पडायच्या आत घाट चढा.